विमानातल्या फोटोंवरून अख्ख्या देशाचं भू-आच्छादन कसं मोजतात, आणि ते आपल्या तालुक्याला जमेल का?

विचारणाऱ्या बाई दक्षिण कोकणातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: स्वित्झर्लंड ठरावीक वर्षांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून सगळ्या देशाचं भू-आच्छादन मोजतं, म्हणजे जंगल किती, शेती किती, वस्ती किती, नुसता खडक आणि बर्फ किती. डोक्यावर इतके उपग्रह फिरत असताना विमान कशाला? हे काम प्रत्यक्षात होतं कसं? आणि विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या तालुक्याचं असं काही करायचं झालं तर ड्रोन विकत घ्यावा का?

ड्रोनचं उत्तर आधी देऊन टाकतो: इतक्यात घेऊ नका. कारण पुढे येईलच.

हवाई छायाचित्रं वाचणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. आधी आरशाच्या स्टिरिओस्कोपखाली (दोन फोटो दोन डोळ्यांना वेगवेगळे दाखवणारं उपकरण) कागदी प्रती, नंतर संगणकाच्या पडद्यावर. जवळजवळ प्रत्येक नवा गट कॅमेऱ्यापासून बोलायला सुरुवात करतो: किती सेंटिमीटरचा तपशील, कुठलं सॉफ्टवेअर. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तुम्हाला नकाशा हवा आहे, आकडा हवा आहे, की बदल मोजायचा आहे? ही तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. नकाशा म्हणजे प्रत्येक तुकड्याची हद्द काढायची. आकडा म्हणजे तालुक्यात काजूच्या बागा किती टक्के, एवढंच सांगायचं. हद्दी काढायची गरज नाही. बदल म्हणजे दहा वर्षांपूर्वी माळ होता तिथे आज काय आहे, हे खात्रीने सांगायचं. तुमच्या प्रश्नाचा सूर पाहता तुम्हाला बदल हवा आहे असं मी धरून चालतो.

स्वित्झर्लंडची पद्धत मला आवडते ती यासाठीच. त्यांनी बदल मोजायचं ठरवलं आणि बाकी सगळं त्या एका उद्देशाला जुळवून घेतलं. देशाचं क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर; आपला महाराष्ट्र त्याच्या साडेसातपट. या सगळ्या भूभागावर त्यांनी १०० मीटर अंतराची जाळी टाकली. जाळीच्या रेघा जिथे छेदतात तिथे एक बिंदू, असे सुमारे ४१ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूवर छायाचित्र वाचणारा माणूस दोन प्रश्नांची उत्तरं देतो. इथे जमीन कशाने झाकली आहे? त्यासाठी २७ वर्ग. आणि ही जमीन कशासाठी वापरली जाते? त्यासाठी ४६ वर्ग. हद्द काढायची नाही, रंग भरायचे नाहीत. बिंदू ज्यावर पडला त्याचा निर्णय द्यायचा आणि पुढे जायचं.

अशा चार फेऱ्या झाल्या: १९७९-८५, १९९२-९७, २००४-०९ आणि २०१३-१८. एकेका फेरीला अनेक वर्षं लागतात, कारण सगळा देश एकाच वर्षी उडून होत नाही. म्हणून त्यांचा ‘१९८५ चा’ आकडा खरं तर अनेक वर्षांच्या छायाचित्रांची गोधडी असतो, आणि तुलना करताना प्रत्येक ठिकाणच्या छायाचित्राची तारीख बघावी लागते. २००४-०९ च्या फेरीत देशाचा ३५.९ टक्के भाग शेती व कुरणं, ३१.३ टक्के वन आणि झाडोरा, ७.५ टक्के वस्ती आणि २५.३ टक्के अनुत्पादक, म्हणजे खडक, हिमनद्या, पाणी वगैरे, असं निघालं. पण त्यांच्या लोकांना हलवलं ते बदलाच्या आकड्याने. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीमधल्या २४ वर्षांत सुमारे ८५० चौरस किलोमीटर शेतजमीन गेली, दर सेकंदाला एक चौरस मीटरहून थोडी जास्त. खाली खोऱ्यांमध्ये ती वस्त्यांखाली गेली आणि वर आल्प्समध्ये सोडून दिलेल्या कुरणांवर झुडपं आणि जंगल चढलं. एकाच आकड्यामागे दोन अगदी उलट गोष्टी आहेत. कुठला बिंदू कशातून कशात गेला याची नोंद होती म्हणून त्या वेगळ्या दिसल्या.

तिसऱ्या फेरीच्या वेळी त्यांनी वर्गीकरणाची यादी बदलली. अशा वेळी बहुतेक ठिकाणी ‘जुनी आकडेवारी नव्याशी तुलनीय नाही’ अशी तळटीप टाकून विषय संपवतात. त्यांनी पहिल्या दोन फेऱ्यांची जुनी छायाचित्रं पुन्हा काढून नव्या यादीनुसार वाचली. प्रचंड कष्टाचं काम, पण त्यामुळेच आज चारही फेऱ्या एका ओळीत ठेवता येतात. तोच बिंदू, तोच नियम. हे सांभाळलं तरच बदलाचा आकडा विश्वासाचा होतो.

आता विमान कशाला. याचं एक उत्तर इतिहासात आहे. १९७९ मध्ये नागरी वापराच्या लँडसॅट उपग्रहावरच्या चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ८० मीटरचा होता. त्यात घर दिसत नाही, रस्ता जेमतेम कळतो. पुढे जुन्या फेऱ्यांशी सांधा राखायचा म्हणून छायाचित्रंच चालू राहिली. दुसरं उत्तर आजही लागू आहे: उंची. विमान एका रेषेत उडत फोटो घेतं तेव्हा लागोपाठच्या दोन फोटोंमध्ये साधारण ६० टक्के भाग सामायिक ठेवतात. एक फोटो डाव्या डोळ्याला आणि दुसरा उजव्या डोळ्याला दाखवला की जमीन उठून उभी राहते. झुडूप दीड मीटरचं आहे की झाड बारा मीटरचं, हे सपाट चित्रात रंगछटेवरून ओळखणं अवघड. जोडचित्रात ते क्षणात कळतं. गवत, झुडपं आणि जंगल यांच्यातली सीमा ठरवताना यासारखी दुसरी मदत नाही.

भारतातही या कामाची मुळं जुनी आहेत. नेदरलँड्सच्या सहकार्याने १९६६ मध्ये डेहराडूनला छायाचित्र-वाचन शिकवणारी संस्था सुरू झाली. आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था ती हीच. त्याच सुमारास, १९६५ पासून, वनसंपत्तीची जी पाहणी हवाई छायाचित्रांच्या आधारे चालू होती, तिच्यातूनच १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. नंतर आपण उपग्रहांकडे वळलो, आणि ते योग्यच होतं. का, ते पुढे सांगतो.

विमानाचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घाला. नेहमीच्या मापन-कॅमेऱ्याची नाभीय लांबी, म्हणजे ढोबळमानाने भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर, १५२ मिलिमीटर. जमिनीपासून ४,५६० मीटरवरून उडलात तर फोटोचं प्रमाण १:३०,००० येतं. २३ सेंटिमीटरच्या चौकोनी फिल्मवर ६.९ किलोमीटर बाजूचा चौकोन मावतो. पण पुढच्या फोटोशी ६० टक्के आणि शेजारच्या पट्टीशी ३० टक्के भाग सामायिक, म्हणजे प्रत्येक फोटोमागे नवी जमीन मिळते जेमतेम १३ चौरस किलोमीटर. सगळा महाराष्ट्र असा उडवायचा तर २३ हजारांच्या आसपास फोटो लागतील, आणि सह्याद्रीत त्याहून जास्त. डिजिटल कॅमेऱ्यांनी हे गणित बदललं, पण त्याचा स्वभाव तोच आहे.

डोंगरात आणखी एक अडचण येते, आणि तुमचा तालुका घाटाच्या पायथ्याशी असेल तर ती तुम्हाला चुकणार नाही. फोटोत उंच जागा मध्यबिंदूपासून बाहेर ढकलली जाते. वरच्याच फोटोत, मध्यापासून ८ सेंटिमीटरवर एखादा कडा पायथ्यापेक्षा ६०० मीटर उंच असेल तर तो फोटोत सुमारे एक सेंटिमीटर सरकतो. जमिनीवर ३०० मीटरहून जास्त. १०० मीटरच्या जाळीत ही तीन घरांची चूक झाली. म्हणून कच्च्या फोटोवर जाळी कधीच टाकायची नाही. उंचीच्या माहितीने दुरुस्त केलेलं चित्र, ज्याला ऑर्थोफोटो म्हणतात, त्यावरच टाकायची.

एवढं तंत्र झालं. आता जिथे सगळं काम घडतं किंवा बिघडतं तिकडे येतो: नियम. बिंदू कशावर पडला हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नसतं, आणि कोकणात तर मुळीच नाही.

वरकस जमीन घ्या. डोंगरउतारावर एखाद दोन वर्षं नाचणी-वरी घेतली, मग जमीन पडीक ठेवली, त्यावर झुडपं वाढली, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) फांद्या तोडल्या, काही वर्षांनी पुन्हा लागवड. तुमच्या फोटोच्या दिवशी तिथे झुडपं आहेत. आच्छादन म्हणाल तर झुडपं, वापर म्हणाल तर शेतीच्या फेऱ्यातली विश्रांती. दोन्ही उत्तरं खरी आहेत. एकाच रकान्यात एकच उत्तर कोंबलंत तर एक विद्यार्थी ‘शेती’ लिहील, दुसरा ‘झुडपी जंगल’, आणि दहा वर्षांनी तिसरा काहीतरी वेगळंच लिहील. मग जमिनीवर काहीच बदललेलं नसताना तुमच्या तक्त्यात बदल दिसेल. आच्छादन आणि वापर यांचे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

बागांचंही तेच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त क्षेत्रावर झाडांची सावली १० टक्के किंवा जास्त असेल तर ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे बघितलं जात नाही. उपग्रहाला झाड दिसतं, सातबारा दिसत नाही, त्यामुळे ही व्याख्या त्यांच्या कामासाठी समजण्यासारखी आहे. पण परिणाम असा की आंबा-काजूची दाट बाग किंवा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडची रबराची लागवडही त्यात येऊ शकते. जंगल तोडून रबर लावलं तर या हिशेबात फारसं काही घडलेलंच नसतं. तुमच्या विद्यार्थ्यांना हा फरक टिपता आला तर त्या अभ्यासाचं मोल मोठं असेल. आणि तो चांगल्या छायाचित्रात टिपता येतो: लागवडीच्या रांगा, सारख्या अंतरावरचे सारखे घुमट, कुंपणाची सरळ कड, आत शिरणारी गाडीवाट. नैसर्गिक जंगलाचा पोत खडबडीत असतो, झाडांचे माथे लहानमोठे असतात.

कातळसड्यांविषयी, म्हणजे कोकणातल्या सपाट खडकाळ माळांविषयी, थोडं जास्त लिहितो, कारण त्यांच्यावर कागदोपत्री फार अन्याय होतो. मार्चमधल्या फोटोत सडा काळपट, उघडा, निर्जीव दिसतो. वाचणारा माणूस ‘खडकाळ पडीक’ लिहून मोकळा होतो. त्याच सड्यावर पावसाळ्यात डबकी भरतात, गवत आणि रानफुलं येतात, गुरं चरतात, कुठे खोलगट जागी भातही असतो. कासचं पठार सगळ्यांना माहीत आहे. कोकणातले सडे त्याच जातीचे आहेत. तुमच्या यादीत सड्याला स्वतःचा वर्ग द्या. ‘पडीक’ हा शब्द आच्छादनाच्या रकान्यात येऊच देऊ नका, तो महसुली निर्णय आहे. छायाचित्रात पडीक दिसत नाही. कातळ दिसतो, गवत दिसतं, माती दिसते.

यातून ऋतूचा मुद्दा निघतो, आणि इथे विमान उपग्रहापुढे हरतं. आपल्याकडे विमानातून निरभ्र फोटो मिळतात ते साधारण नोव्हेंबर ते मे. एका दिवसाच्या फोटोवरून शेतात दुबार पीक आहे का, हे सांगता येत नाही. गोव्यातली खाजणं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पावसाळ्यात भाताची आणि उन्हाळ्यात वेगळीच दिसतात. सेंटिनेल-२ सारखे उपग्रह २०१५ पासून १० मीटरच्या तपशिलाची चित्रं दर काही दिवसांनी विनामूल्य देत आहेत. खरीप, रब्बी, उन्हाळी असा सगळा क्रम त्यांतून लागतो. देश भारताएवढा मोठा आणि शेती हंगामी असेल तर उपग्रहच मुख्य साधन हवं, विमान मदतीला. स्वित्झर्लंडसारखा लहान, डोंगराळ, तुकड्यातुकड्यांचा देश असेल आणि जुन्या छायाचित्रांचा साठा हाताशी असेल तर उलट. मिठागरांच्या कडा, खारफुटीची अरुंद पट्टी, गावठाणाची वाढती सीमा, नव्या बागा अशा बारीक गोष्टींना विमानाच्या दर्जाची चित्रं लागतात. पिकांच्या फेऱ्यांना लागत नाहीत.

आता तुमचा तालुका. ८०० चौरस किलोमीटर धरतो. ५०० मीटरची जाळी टाका; ३,२०० बिंदू येतील. एखाद्या वर्गाचा वाटा ३० टक्के निघाला तर नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता साधारण १.६ टक्के वर किंवा खाली. एक किलोमीटरची जाळी घेतलीत तर बिंदू ८०० आणि अनिश्चितता दुप्पट. पण बदलाच्या बाबतीत हेच बिंदू मोठी कमाल करतात. समजा दोन तारखांमध्ये ३,२०० पैकी ९६ बिंदू सड्यावरून बागेत गेले आणि उलट दिशेला एकही नाही. म्हणजे ३ टक्के बदल, आणि त्याची अनिश्चितता फक्त ०.६ टक्के. दोन्ही वेळा वेगवेगळे बिंदू घेतले असते आणि वर्गाचा वाटा तिशीच्या आसपास असता, तर ती २ टक्क्यांच्या वर गेली असती आणि तुमचा ३ टक्के बदल तिच्यात जवळजवळ बुडाला असता. म्हणून बिंदूंचे अक्षांश-रेखांश जपून ठेवा, ते या अभ्यासाचं भांडवल आहे. खारफुटीसारखा एक टक्क्याचा वर्ग मात्र या जाळीत नीट मोजला जाणार नाही. तिथे खाडीकाठी वेगळी दाट जाळी टाका किंवा सरळ हद्दी काढा.

वेळेचा अंदाज: एका बिंदूला दोन मिनिटं धरली तर एका वाचनाला शंभरेक तास. दहा विद्यार्थ्यांमध्ये ते सहज होतं. प्रत्येक बिंदू दोघांनी एकमेकांना न दाखवता वाचायचा. जिथे उत्तरं जुळत नाहीत ते बिंदू बाजूला काढा आणि कोण चुकलं हे शोधण्याआधी नियम वाचा; बहुतेक वेळा नियमच संदिग्ध असतो. माझ्या अनुभवात मतभेदांची ही यादी कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवते. मग ती यादी घेऊन गावात जा. हे वरकस आहे की गायरान, हे तिथला एखादा म्हातारा शेतकरी बांधावर उभा राहून सांगतो, आणि कधीपासून लागवड बंद झाली तेही सांगतो.

आजची चित्रं गूगल अर्थवर मिळतील, जुन्या तारखांसह. प्रत्येक बिंदूसमोर चित्राची तारीख लिहायला विसरू नका, कारण एकाच तालुक्यात शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर आपल्या उपग्रहांची चित्रं आहेत. त्याहून मागे जायचं तर भारतातली जुनी हवाई छायाचित्रं परवानग्यांमुळे मिळवणं कठीण जातं. नकाशे आणि भू-माहितीविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर वातावरण बरंच मोकळं झालं आहे, पण जुन्या साठ्यासाठी धीर धरावा लागतो. तोवर कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची चित्रं बघा. १९६० ते १९७२ दरम्यान ती फिल्मवर घेतली गेली आणि १९९५ मध्ये खुली झाली. काळीपांढरी आहेत, पण सत्तरीच्या सुमाराच्या चांगल्या फिल्मवर मोठी झाडं आणि घरं ओळखू येतात. ती दुरुस्त केलेली नसतात, त्यामुळे वरची सरकण्याची अडचण त्यांना दुप्पट लागू आहे. देवळं, तळी, नद्यांचे संगम अशा न हललेल्या खुणांवरून त्यांना बसवावं लागतं.

यंत्राकडून वाचन करून घ्यावं का, असंही तुम्ही पुढे विचाराल. स्वित्झर्लंडमध्ये आता यंत्रशिक्षणाची (मशीन लर्निंगची) मदत घेऊ लागले आहेत, पण त्यांच्याकडे माणसांनी वाचलेले लाखो बिंदू शिकवणीसाठी तयार होते. तुमच्याकडे ते नाहीत. पहिली फेरी माणसांनीच करा.

आणि ड्रोन. १०० मीटर उंचीवरून साध्या ड्रोनचा एक फोटो साधारण १५० मीटर रुंदीची पट्टी घेतो. कडेला ७० टक्के भाग सामायिक ठेवला तर प्रत्येक फेरीत नवी पट्टी ४५ मीटर. ८०० चौरस किलोमीटरसाठी जवळपास १७,८०० किलोमीटर उडावं लागेल. गावठाणातल्या घरांची मालकी नोंदवणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली गेली, कारण गावठाण लहान असतं आणि घराची भिंत दिसायला हवी असते. तालुक्याचं आच्छादन हे त्याचं काम नाही. मतभेदाचे जे बिंदू पायी गाठता येत नाहीत, कड्याखालचे किंवा खाडीतल्या चिखलापलीकडचे, तेवढ्यांसाठी प्रमाणपत्र असलेल्या चालकासह ड्रोन एक-दोन दिवस भाड्याने घ्या. त्याआधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला भाग कुठल्या रंगात आहे ते बघा. सिंधुदुर्गात असाल तर चिपी विमानतळाच्या आसपास निर्बंध आहेत.

सुरुवात शंभर बिंदूंपासून करा. वर्गांची यादी एका पानावर लिहा, प्रत्येक वर्गासमोर एक नमुना-चित्र आणि ‘शंका आली तर काय लिहायचं’ ही एक ओळ. शंभर बिंदू दोघांकडून वाचून घ्या. ऐंशीच्या खाली जुळले तर पान पुन्हा लिहा आणि मगच तालुक्याची जाळी उघडा.